पाटी मराठी हवीच. पण विहिरीचे पाणी कोण तपासणार?



आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे नाव देशपातळीवरच्या यादीत क्वचितच येते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात ते आले आहे आणि त्यात मिरवण्यासारखे काहीही नाही. जमिनीखालच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण चिंताजनक असलेले १५ जिल्हे या अहवालाने नावानिशी सांगितले. त्यांत तेलंगणातील तीन आहेत : रंगारेड्डी, सिद्दीपेट आणि आदिलाबाद. महाराष्ट्रातील सात आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ.

या यादीत आपले दोन सख्खे शेजारी आहेत, हे ध्यानात घ्या. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ. पश्चिमेला किनवट-माहूर, म्हणजे नांदेड. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा आपल्या जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा मुंबई राज्याकडे गेले आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ मध्ये तेलंगणा झाले. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. रेषा इतक्या वेळा हलल्या, पण काळी जमीन, तिच्याखालचा काळा पाषाण आणि त्यात मुरणारे पाणी आहे तसेच राहिले. म्हणूनच तिन्ही जिल्ह्यांचे दुखणे आज एकच निघाले.

या दुखण्याबद्दल आपल्यापैकी कोण बोलते? आपल्या बैठकांत मराठी शाळांतील शिक्षकांच्या जागा निघतात, पाठ्यपुस्तके निघतात, कार्यालयांवरच्या पाट्या निघतात. हे प्रश्न खरे आहेत आणि ते सोडून द्यावेत असे कोणीही म्हणणार नाही. पण ज्या मुलासाठी आपण मराठी शाळा मागतो ते मूल पाळण्यात असताना कोणते पाणी पिते, हे आपल्या निवेदनांत कधी येत नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : यापुढे ते पहिल्या क्रमांकावर आले पाहिजे.

विष कोणते ते नीट समजून घ्या

पाण्यातले विष म्हटले की लोक आर्सेनिकचे नाव घेतात. आर्सेनिक हे मुख्यतः गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या प्रदेशाचे संकट आहे. १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या अंगावरच्या डागांचा संबंध नळविहिरींच्या पाण्याशी जोडला, तेव्हा ते उजेडात आले. तिकडे हे विष जमिनीच्या पोटातूनच वर येते. आपल्याकडचे नायट्रेट मात्र बहुतांशी आपणच वरून टाकलेले आहे. हा फरक मोठा आहे, कारण जे आपण टाकतो ते कमीही करता येते.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा घातली आहे आणि दुसरा स्रोत नसला तरीही तीत सूट नाही. सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामातून बाद होते. बाळाचे ओठ आणि नखे निळसर पडतात. प्रमाण जास्त असेल तर जीव जातो. अमेरिकेतील आयोवा या शेतीप्रधान राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ मध्येच हा संबंध दाखवून दिला. ती बाळे शेतावरच्या विहिरींचे पाणी घातलेले दूध पीत होती. आपल्याकडे असे बाळ दगावले तर किती दवाखान्यांत विहिरीची चौकशी होईल? 'न्यूमोनिया', 'हृदय कमजोर', 'दृष्ट लागली' एवढ्यावर विषय संपतो.

मोठ्या माणसांनीही निर्धास्त राहू नये. डेन्मार्कमध्ये सुमारे २७ लाख लोकांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाण्यात नायट्रेट जास्त असलेल्या भागांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसले, आणि तेही आपल्या ४५ च्या मर्यादेच्या बऱ्याच खाली. एका अभ्यासाने सर्व सिद्ध होत नाही हे मान्य. पण मर्यादेच्या वर पाणी पिणाऱ्यांनी त्यावर विसंबून हातावर हात ठेवून बसावे, असाही त्याचा अर्थ नाही.

आता आमच्या माता-भगिनींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बाळाला पाणी उकळून देण्याची पद्धत जंतूंसाठी योग्यच आहे. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यातच राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते वाढते. तुरटी, क्लोरिन, कॅन्डलचा फिल्टर यांनीही ते निघत नाही. आरओच्या यंत्राने बरेचसे निघते, पण ते किती घरांत आहे? तेव्हा पहिले सहा महिने बाळाला आईचेच दूध. गुटी उगाळायलासुद्धा वरचे पाणी नको. घरातल्या आजींना हे समजावून सांगणे हे कोणत्याही मोर्चाइतकेच मोठे काम आहे.

एका पिशवीचा हिशेब

हे नायट्रेट येते कुठून? युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या एका पिशवीत सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र झाले. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ते ९० किलोंच्या वर भरते. पीक सगळे नत्र घेत नाही. बराच मोठा वाटा हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर खाली जातो. समजा पिशवीतले तिसरा हिस्साच खाली झिरपले, तरी सहा-सात लाख लिटर निर्मळ पाणी ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेला जाऊन टेकते. पिण्या-रांधण्याला रोज २० लिटर पाणी लागणाऱ्या कुटुंबाचे हे ९० वर्षांचे पाणी आहे. एका पिशवीचे हे गणित. आपल्या शिवारात हंगामाला किती पिशव्या पडतात ते ज्याचे त्याने मोजावे.

त्यात आपली काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो आणि वर साठलेले शेण, मूत, खत यांचा अंश घेऊन जातो. पावसाळ्यानंतर विहीर भरली की आपण समाधानाने डोकावून पाहतो. नायट्रेटचे प्रमाण नेमके तेव्हाच वाढलेले असू शकते. पाणी भरपूर असणे आणि पाणी चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर कोणी म्हणेल, 'झाले, पुन्हा शेतकऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले!' मुळीच नाही. कास्तकाराने युरिया हौसेने टाकलेला नाही. तो त्याच्या गळ्यात मारला गेला आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारने खतांचे अनुदान पोषक द्रव्यांशी जोडले. स्फुरद आणि पालाश त्या योजनेत आले, त्यांचे भाव वाढले. युरियाला मात्र बाहेर ठेवले. परिणाम असा की युरियाची पिशवी तीनशे रुपयांच्या आत आणि डीएपीची तेराशेच्या वर. नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण ढोबळमानाने ४:२:१ असावे असे सरकारचेच कृषी खाते सांगते आणि भाव असे लावते की ते प्रमाण पाळणारा मूर्ख ठरावा! २००२ नंतर बीटीचे संकरित वाण आले, त्यांची खताची भूक मोठी. बियाणे विकणारा, खत विकणारा आणि औषध विकणारा एकाच दुकानात बसतो आणि सल्लाही तोच देतो. पऱ्हाटी पिवळी पडली की 'अजून एक पिशवी टाका' हा त्याचा ठरलेला मंत्र. माती परीक्षण पत्रिकेची योजना २०१५ मध्ये आली. त्या पत्रिकेवरच्या आकड्यांचा अर्थ बांधावर येऊन समजावणारा माणूस किती गावांनी पाहिला?

नळ आला म्हणजे प्रश्न संपला?

सरकारी उत्तर तयार असते : मिशन भगीरथ. ७ ऑगस्ट २०१६ रोजी गजवेल भागातील कोमटीबंडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेचे उद्घाटन झाले. नदीचे शुद्ध केलेले पाणी घरोघर देण्याची ही योजना चांगलीच आहे. तिला आमचा विरोध नाही. उलट नायट्रेटवरचा सर्वांत सोपा इलाज तोच आहे. पण कागदावर घराला नळ दिला म्हणजे त्या घराने विहीर सोडली, असे कोणी समजू नये. नळाला पाणी आले नाही त्या दिवशी माणूस कुठे जातो? आडावर किंवा हापशावर. शेतात दिवसभर राबणारा मजूर तहान लागली की कोणते पाणी पितो? बांधावरच्या विहिरीचे. गोठ्यातली जनावरे कोणते पितात? बोरचे. नायट्रेटचा त्रास गुरांनाही होतो.

इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. आपण जुनी घराणी. जमिनी आपल्या, विहिरी आपल्या. 'आमच्या आजा-पणजाने खोदलेली विहीर, हिचे पाणी अमृत आहे,' असे आपण अभिमानाने सांगतो. पण आजा-पणजाच्या काळी त्या शिवारात युरियाची एक पिशवीही पडत नव्हती. विहीर तीच राहिली, वरची शेती बदलली. आणि आज ते पाणी सर्वांत जास्त कोण पिते? आपण घरी आरओ बसवले, प्रवासात बाटली विकत घेतो. विहिरीवर राहिले ते आपले सालगडी आणि आपल्या शेतात निंदायला, वेचायला येणारी गोंड आणि कोलाम कुटुंबे. त्यांच्या बाया लेकरांना झाडाखाली झोळीत ठेवून कापूस वेचतात. आपल्या विहिरीच्या पाण्याने त्या लेकराला काही झाले तर 'आम्हाला माहीत नव्हते' हे उत्तर आता चालणार नाही. अहवालात जिल्ह्याचे नाव छापून आले आहे.

काही मंडळी हळू आवाजात म्हणतात, 'असे बोलू नका, गावाचे नाव खराब होईल, जमिनीचे भाव पडतील, सोयरिकी मोडतील.' झाकून ठेवल्याने आजवर कोणती जखम बरी झाली?

नलगोंड्याने काय केले ते आठवा

याच तेलंगणात नलगोंडा जिल्हा आहे. तिथल्या पाण्यात फ्लोराइड. त्याने कितीतरी गावांत माणसांची हाडे वाकली. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने फ्लोराइड काढण्याची पद्धत तयार केली, तिचे नावच 'नलगोंडा पद्धत' पडले. पण पद्धत निघाली म्हणून गावोगाव पाणी आले नाही. शेवटी १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत नलगोंडा मतदारसंघात तब्बल ४८० उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेची पुस्तिका करण्याची पाळी आली आणि निवडणूक आयोगाला मतदान पुढे ढकलावे लागले. त्यानंतर सरकारने अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० केली, हेही खरे. परंतु तेव्हापासून नलगोंड्याचे नाव घेतल्याशिवाय तेलंगणात पिण्याच्या पाण्याची चर्चा होत नाही.

आपण ४८० अर्ज भरावेत असे आम्ही म्हणत नाही. आपण एवढेच करावे : ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत जो कोणी मत मागायला आपल्या दारात येईल, त्याने शाल-श्रीफळ घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. 'आमच्या गावच्या विहिरींत आणि बोरांत नायट्रेट किती आहे?' आकडा माहीत नसेल तर तो घेऊन पुन्हा यावे. 'मराठी बांधवांनो' अशी दोन वाक्ये आपल्या भाषेत बोलून टाळ्या घेणारे पुढारी आपण पुष्कळ पाहिले. भाषेचे प्रेम दाखवायला खर्च येत नाही. पाणी तपासायला आणि बदलायला येतो, म्हणून कस तिथे लागतो.

आपल्या मागण्या

पहिली. जिल्ह्यातील प्रत्येक सार्वजनिक विहीर, बोर आणि हापसा वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी तपासावा. जलजीवन मिशनच्या नियमांत प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यायचे आहे, तपासणीची पेटी द्यायची आहे. आपल्या गावच्या त्या पाच महिला कोण, पेटी कुठे आहे आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

दुसरी. निकाल कचेरीच्या कपाटात न ठेवता विहिरीवरच लावावा. बांगलादेशात आर्सेनिकसाठी लाखो नळविहिरी तपासल्या गेल्या तेव्हा वाईट विहिरीच्या पंपाला लाल आणि चांगल्या विहिरीच्या पंपाला हिरवा रंग दिला गेला. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळले की लाल पाणी प्यायचे नाही. एका डब्यात किती पंप रंगतात? हा खर्च न परवडणारे सरकार कुठले आहे?

तिसरी. निकालाची पाटी तेलुगूबरोबर मराठीत आणि जिथे गोंडी बोलली जाते तिथे त्या भाषेत दवंडी देऊन सांगावी. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रार-अर्ज देण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तेव्हा ही निवेदने आपण मराठीत द्यावीत. पाटीचा लढा आणि पाण्याचा लढा एकाच कागदावर लढता येतो, तो असा.

चौथी. जिथे रंग लाल निघेल त्या गावाला, वाडीला, तांड्याला आणि गुड्याला नळाचे पाणी अखंड मिळावे. तिथल्या अंगणवाडीत आणि शाळेत आधी.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्या मुख्यमंत्र्यांनी गोदावरी खोऱ्यातील प्रकल्पांचा करार केला. त्यात पैनगंगेवरील चनाखा-कोराटा बंधारा आहे. म्हणजे पाणी किती कोणाचे, यासाठी दोन राज्ये एका टेबलावर बसू शकतात. मग पाणी कसे आहे, यासाठी का बसू नयेत? आदिलाबाद, यवतमाळ आणि नांदेड या तीन जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांची वर्षातून एक संयुक्त बैठक व्हावी आणि तिन्हीकडचे आकडे शेजारी-शेजारी ठेवावेत. कालव्याचे पाणी शिवारात खेळू लागले की दुसरे पीक येईल, खत वाढेल, झिरपा वाढेल. त्याचा विचार कालवे वाहू लागण्याआधी व्हायला हवा.

आणि आपले घर?

सरकारला जाब विचारणाऱ्याने आधी आपले आवार झाडावे. विहिरीच्या काठाला उकिरडा असेल तर तो हलवा. संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब असू द्या. विहिरीला कठडा बांधा, पावसाचे वाहते पाणी आत जाऊ देऊ नका. युरिया एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत, ओल पाहून द्या; मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकलेले खत पिकाला मिळत नाही, ते विहिरीत जाते आणि पैसेही त्याबरोबर जातात. पऱ्हाटीत तुरीच्या ओळी आपले वाडवडील उगाच घेत नव्हते; तूर स्वतःचे नत्र स्वतः हवेतून घेते.

हे होण्यासारखे आहे का, अशी शंका कोणाला असेल तर डेन्मार्ककडे पाहावे. १९८० च्या दशकापासून त्या देशाने शेणखत साठवण्याचे आणि पिकाला किती नत्र द्यायचे याचे कडक नियम केले. पुढच्या काही दशकांत जमिनीत उरणारे जादा नत्र निम्म्याच्या आसपास उतरले, आणि शेती काही बुडाली नाही. पण जमिनीखालचे पाणी सावकाश बदलते. आज सुरुवात केली तर फळ आपल्या नातवांना मिळेल, आणि केली नाही तर तेच पाणी त्यांच्या वाट्याला येईल.

आपण या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, तरी आपण हललो नाही. ज्याला कायमचे राहायचे आहे त्यानेच विहिरीची काळजी घ्यायची असते. आज येऊन उद्या जाणारा ती घेणार नाही.

तेव्हा सर्व सभासदांना विनंती. स्वच्छ बाटलीत आपल्या विहिरीचे किंवा बोरचे पाणी घ्या, त्यावर गावाचे नाव आणि तारीख लिहा, ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेत द्या आणि नायट्रेटचा आकडा लेखी मागा. आपल्या शेतावर येणाऱ्या मजुरांनाही तो सांगा. पुढच्या बैठकीला येताना नुसती मागणी आणू नका, तपासणीचा कागद आणा.